स्लीव्ह होऊन पाचच महिने, आणि पट्टीवर दोन रेघा

जुळेसोलापूरकरीण | २२ जून, रात्री ११.४०

काल आमच्याकडे पाण्याचा वार होता. सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी आलं की घरातलं बाकी सगळं थांबतं. मोटार चालू, नवरा गच्चीवर टाकीत डोकावतोय, सासूबाई पिंपं घासताहेत, आणि मी बाथरूममध्ये प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी धरून उभी. बाहेरून "अगं ती बादली दे की इकडं" चालू. दोन रेघा. दुसरी फिकट वगैरे काही नाही, चांगली ठसठशीत.

मागचं थोडक्यात सांगते. वय ३२, लग्नाला सात वर्षं झाली. पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास) कॉलेजपासून. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, गोळ्या घेऊन आणावी लागायची. पाच वर्षं ट्रीटमेंट, दोनदा आययूआय (नवऱ्याचं वीर्य थेट गर्भाशयात सोडतात ते), हाती काही नाही. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, आधी वजन उतरवा. तेव्हा वजन १०४, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४२. डाएट, जिम, सकाळचं गरम पाणी, कुणी जे सांगेल ते करून झालं होतं. २२ जानेवारीला पुण्यात स्लीव्ह, म्हणजे वजनासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन, करून घेतली. आज वजन ८२.

ऑपरेशनच्या आधी 'दीड वर्ष तरी प्रेग्नन्सी नको' असं सांगितलं होतं. कागदावरही आहे. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर हसू आलं होतं. सात वर्षांत जे झालं नाही ते होऊ देऊ नका म्हणताहेत! मग त्यासाठी काय वापरणार, हे ना त्यांनी विचारलं ना मी. फाइलच्या पहिल्या पानावरच 'वंध्यत्व' लिहिलेलं, कोण कशाला विचारेल?

मार्चपासून पाळी घड्याळासारखी यायला लागली. जूनमध्ये चुकली तर वाटलं, गाडी परत मूळपदावर. मळमळ होती, पण स्लीव्हवाल्यांना माहीत आहे, एक घास जास्त झाला तरी उलटी होते. त्यामुळे तिकडे लक्षच गेलं नाही. परवा सासूबाईंनी खलबत्त्यात शेंगाचटणी कुटायला घेतली आणि लसणाच्या वासानं मी मोरीकडे पळाले. सोलापूरची पोरगी शेंगाचटणीला पाठ दाखवते म्हणजे काहीतरी गडबड आहे, म्हणून पट्टी आणली.

आता परिस्थिती अशी की एका वेळेला मला एक वाटी जात नाही. केस मूठमूठ गळताहेत. मीच एवढंसं खाते तर आतला जीव काय खाणार? नवऱ्याला आनंद झालाय, पण माझं तोंड बघून तोही गप्प आहे. सासूबाईंना सांगितलं नाही. कुणाला अनुभव आहे का? आणि कृपया ओरडू नका.

विजापूरवेस | २३ जून, सकाळी ६.५५

आधी अभिनंदन. ते कुणीतरी म्हणायला हवं ना.

दोन कामं आजच करा. सर्जनना फोन, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं. माझ्या वहिनीला बीपीची जी गोळी चालू होती ती गरोदरपणात चालतच नाही, पहिल्याच भेटीत बदलली. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका.

नाना_होटगीरोड | २३ जून, सकाळी ८.१०

देवानं दिलेलं पोट कापून लहान करायचं आणि मग विचारत बसायचं. सिद्धेश्वर तलावाला रोज चार चकरा मारल्या असत्या तर ही वेळ आली नसती. आमच्या मातोश्रींनी सहा पोरं वाढवली, कसलं स्लीव्ह आणि कसलं काय.

पेरूची_फोड | २३ जून, सकाळी ८.३२

नाना, 'ओरडू नका' हे धाग्यातलं शेवटचं वाक्य आहे. तिथपर्यंत पोचला नाहीत वाटतं.

जुळेसोलापूरकरीण, मी सांगलीची. माझी बायपास झालेली (हृदयाची नव्हे, वजनाचीच, जठर लहान करून आतड्याला जोडतात ती), आणि सातव्या महिन्यात तुझ्यासारखंच. फरक एवढाच की मी गर्भनिरोधक गोळी घेत होते. रोज, एकही न चुकवता. नंतर कळलं की बायपासनंतर पोटातून घेतलेल्या गोळीचा भरवसा धरता येत नाही, नीट शोषली जाईलच असं नसतं. हे मला ऑपरेशनच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं मी कित्येक रात्री म्हटलंय. आता म्हणत नाही. तो शहाणा चार वर्षांचा आहे आणि आत्ता माझ्या चार्जरची वायर चघळतोय.

सगळं गोडगोड होतं असं नाही. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.१ वर आलं. लोहाच्या गोळ्या अंगी लागेनात, शेवटी शिरेतून दिलं. बाळ २ किलो ३०० ग्रॅमचं झालं. छोटं, पण ठणठणीत. तुझ्या प्रश्नाचं मला समजलेलं उत्तर असं: बाळ बरंचसं आपलं घेतं, पण आपल्यातच कमी असेल तर त्यालाही कमी पडू शकतं. त्यामुळे काळजी तुझ्या हाडांची आणि रक्ताची कर.

टाकेवाली | २३ जून, दुपारी ३.०५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, लातूरकडे प्रॅक्टिस करते. तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना कामी येईल एवढंच समजा.

हे झालं कसं, तर अगदी नियमानुसार. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग ते रक्तात वाढतं आणि अंडाशयाचं गणित बिघडवतं. ऑपरेशननंतर हे इन्सुलिन पहिल्या काही आठवड्यांतच उतरायला लागतं. म्हणजे आरशात फरक दिसायच्या आधी बीज सुटायला सुरुवात झालेली असते. 'मला राहत नाही' हे जुन्या वजनाचं वाक्य होतं. आमच्या व्यवसायातलेही अनेक जण ते खोडायला विसरतात, हे कबूल करते.

एक ते दीड वर्ष थांबा म्हणतात, कारण त्या काळात वजन भराभर उतरत असतं आणि शरीरातला साठा रिकामा होत असतो. लवकर राहिलं म्हणजे बाळाला इजा होणारच, असा त्याचा अर्थ नाही. बाळ लहान राहण्याची शक्यता वाढते, म्हणून लक्ष जास्त ठेवायचं. दुसऱ्या बाजूनं, १०४ किलोवर राहिलं असतं तर गरोदरपणातल्या शुगर-बीपीचा जो धोका होता तो आता कमी झालाय. हेही पारड्यात टाका.

रक्ताच्या तपासण्या आत्ता आणि मग दर तीन महिन्यांनी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम. तुमचा बीएमआय अजून ३० च्या वर आहे, त्यामुळे फोलिक ॲसिडची नेहमीची छोटी गोळी की ५ मिलिग्रॅमची, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. मल्टीव्हिटॅमिनच्या डबीवर ए जीवनसत्त्व कोणत्या रूपात आहे ते वाचा. बीटा कॅरोटीन चालतं, रेटिनॉल जास्त झालं तर बाळाला घातक. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर लगेच चहा तर नकोच. दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि वजन उतरवायचं टार्गेट आजपासून बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उलट्या थांबेनात आणि पोटात काही राहीना असं दोन-तीन दिवस झालं तर घरी बसू नका. अशा वेळी बी१ म्हणजे थायामिन फार लवकर संपतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायामिनचं इंजेक्शन द्यायला सांगा. आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं. हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

आपुलकी | २३ जून, रात्री ९.२०

कुणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. ठेवायचं आहे ना? 'सात वर्षांनी राहिलंय' म्हटल्यावर बाईला हा प्रश्नच कुणी विचारत नाही. नको असेल तर तेही सांगायला जागा असावी, म्हणून लिहितेय. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, कुणी मागितली तरी.

जुळेसोलापूरकरीण | २३ जून, रात्री ११.१५

आपुलकी, तुझं वाचून दहा मिनिटं मोबाइल पालथा ठेवून बसले होते. विचारलंस हे बरं झालं. हवंय. कुणीतरी विचारल्यावरच मला ते नक्की कळलं.

टाकेवाली, प्रिंट काढणार आहे. पेरू, चार्जरच्या वायरीवरून हसले आज. नाना, तलावाला आम्ही दोघं दोन वर्षं चकरा मारत होतो. सकाळी साडेपाचला. तुम्ही दिसला नाहीत कधी.

नाना_होटगीरोड | २४ जून, सकाळी ७.०२

बरं.

अबोली_सातरस्ता | २६ जून, दुपारी १.४८

लिहू की नको असं झालं होतं. माझीही स्लीव्ह, सहाव्या महिन्यात राहिलं, आणि आठव्या आठवड्यात गेलं. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनमुळेच असं सांगता येत नाही, असं कुणालाही होतं. पण घरात आजही 'पोट कापलं म्हणून' असंच बोललं जातं. तुला घाबरवायला नाही लिहिलं. फक्त, काही झालं तर तो दोष अंगावर घेऊ नकोस. मी दोन वर्षं घेतला.

जुळेसोलापूरकरीण | १० जुलै, संध्याकाळी ७.३०

अबोली, तुझं रोज वाचत होते. उत्तर द्यायचा धीर नव्हता. २५ जूनच्या सोनोग्राफीत नुसती पिशवी दिसली, ठोके नाहीत. 'दोन आठवड्यांनी या.' ते दोन आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. काल परत गेलो. आठ आठवडे, ठोके आहेत. डॉक्टरांनी आवाज ऐकवला तर नवरा म्हणाला, "यंत्रमाग चालल्यासारखं वाटतंय." त्याचे आजोबा मिलमध्ये होते.

रिपोर्ट: बी१२ तळाला, डी त्याहून खाली, हिमोग्लोबिन १०.४. बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली.

आणि सासूबाईंना त्या दोन आठवड्यांतच सांगितलं. मला वाटलं होतं तेच, तासाभरात डिंक, खारीक, तूप ओट्यावर. "दोन जिवांची आहेस, खाल्लं पाहिजे." मी काही वाद घातला नाही. फडताळातली सगळ्यात लहान स्टीलची वाटी काढली, पाण्यानं भरली, त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आई, माझं पोट आता एवढंच आहे. यात डिंकाचा लाडू घातला तर डाळ कुठं ठेवू?" त्या बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नवऱ्याच्या उष्टावणाची चांदीची वाटी घासून ठेवलेली. तेव्हापासून दर दोन तासांनी ती वाटी माझ्यापुढे येते. आमच्याकडे अंडं घरात येत नाही, त्यामुळे मोड आलेली मटकी, घट्ट वरण, पनीर, चक्का, आणि वर प्रोटीन पावडर. कडक भाकरी चुरून ताकात. आधी डाळ-पनीर, जागा उरली तर भाकरी, आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं, हे त्यांनी माझ्यापेक्षा लवकर पाठ केलं. डिंकाचे लाडू नवरा खातोय. दोन किलो वाढलाय.

पेरूची_फोड | १० जुलै, रात्री ८.०५

त्या वाटीचा फोटो टाक गं. लाडवांबद्दल मात्र सांगते, मी हट्टानं एक खाल्ला होता. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, बाथरूमच्या फरशीवर आडवी. डंपिंग म्हणतात त्याला. बायपासवाल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं.

जुळेसोलापूरकरीण | २१ जुलै, दुपारी १२.१०

पर्समधला कागद कामाला आला.

तीन दिवस पाणीसुद्धा राहीना. शनिवारी रात्री अकराला जवळच्याच एका दवाखान्यात गेलो, नाव लिहीत नाही. ड्यूटीवरचा पोरगा डॉक्टर, दमलेला. सिस्टर सलाइन लावायला आल्या, बाटलीवर डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, लिहिलेलं. मी कागद पुढे केला. तो म्हणाला, "मॅडम, गूगल घरी ठेवून यायचं. गरोदर बायकांना उलट्या होतातच." मी म्हटलं, "माझं तीन-चतुर्थांश पोट जानेवारीत काढून टाकलंय." तो थांबला. पोटावरच्या पाच छोट्या खुणा बघितल्या. बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला. आला तेव्हा हातात थायामिनचं इंजेक्शन होतं, आणि बाटलीही बदललेली.

नंतर पहाटे स्वतःहून राउंडला आला, चष्मा पुसत म्हणाला, "तुमच्यासारखी केस मी पहिल्यांदाच बघितली." राग नाही आता त्याच्यावर. पण कागद नसता तर? मी त्या वेळी धड बोलूही शकत नव्हते.

टाकेवाली | २१ जुलै, दुपारी २.४०

शाब्बास. यातलं एक सगळ्यांनी घ्या: नवीन कुणीही समोर आलं, लॅबवाला असो की रात्रीचा डॉक्टर, पहिलं वाक्य ऑपरेशनचं. फाइल कुणी वाचत नाही.

बायपासवाल्या कुणी वाचत असतील तर अजून एक. गरोदरपणात अचानक जोराचं पोट दुखलं तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा खात बसू नका. आत आतडं अडकू शकतं, आणि तिथे तास मोजावे लागतात. सर्जन असलेल्या ठिकाणीच जा.

जुळेसोलापूरकरीण | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

सव्वीस आठवडे. ऑक्टोबरमधली मोठी सोनोग्राफी नीट झाली. हिमोग्लोबिन ११.

काल लॅबमध्ये शुगरची टेस्ट. मुलीनं ग्लास पुढे केला, ७५ ग्रॅम ग्लुकोज, "पाच मिनिटांत संपवा." पहिलं वाक्य आठवलं. म्हटलं, माझी स्लीव्ह झालीय, एवढं गोड एकदम नाही चालत. ती म्हणाली, "पण सगळ्याच पितात." आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी तिला सांगितलं आणि मला ग्लुकोमीटर घ्यायला लावलं. आठवडाभर सकाळी उपाशी आणि प्रत्येक जेवणानंतर बोट टोचून वहीत लिहायचं. आजचा उपाशीपोटीचा आकडा ८६. सासूबाई वहीवर माझ्याआधी नजर टाकतात.

आगामी_ऑपरेशन | १३ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह आहे, मलाही पीसीओएस. हा धागा वाचून सर्जनना विचारलं की मधल्या काळात काय वापरू. ते म्हणाले, "तुम्हाला त्याची गरज...?" आणि माझ्याकडे बघून वाक्य अर्धं सोडलं. मग गायनॅकना बोलावलं. तांबी त्याच भुलीत बसवायचं ठरलंय.

टाकेवाली | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

उत्तम ठरलंय. तांबी, हार्मोनवाली तांबी किंवा दंडातला इम्प्लांट, यांचा पोटातल्या शोषणाशी संबंधच येत नाही.

जुळेसोलापूरकरीण | १४ जानेवारी, रात्री ९.३०

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा आवाज घरापर्यंत येतोय असं वाटतंय, खरं तर जुळे सोलापुरात कुठून येणार. या वर्षी नंदीध्वज बघायला गेले नाही. पस्तीस आठवडे. बत्तिसाव्या आठवड्यात बाळ १ किलो ६०० होतं, थोडं मागे. रक्तपुरवठा व्यवस्थित आहे, पण आता दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. माझं वजन ८६. वजनकाट्यावर आकडा वाढला की अजून पोटात गोळा येतो. ऑपरेशनवर एवढा पैसा घातला, आणि आता काटा वर चाललाय म्हणून लोकांनी आनंद मानायचा. हे कुणाला सांगू?

पेरूची_फोड | १४ जानेवारी, रात्री ९.४१

मला. मी चार महिने काट्यावर पाठमोरी उभी राहायचे आणि आकडा नर्सला वाचायला लावायचे.

जुळेसोलापूरकरीण | ९ फेब्रुवारी, दुपारी ४.०५

मुलगी. ५ फेब्रुवारीला. २ किलो ४५०. सिझर झालं, पण कारण वेगळंच, बाईसाहेब आडव्या होत्या. दूध पितेय. माझी बी१२ ची इंजेक्शनं चालूच राहणार, माझ्यात कमी असेल तर दुधातही कमी जाईल म्हणाल्या.

घरी सोडताना वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आता पुढे काय वापरणार?" पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. सहा आठवड्यांनी तांबी, तारीख घेऊनच आले.

चांदीची वाटी तूर्त माझ्याचकडे आहे. सहा महिन्यांनी तिला लागेल, तोवर मला दुसरी शोधा म्हटलं तर सासूबाई सराफाकडे निघाल्यात.

नाना_होटगीरोड | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

सिद्धेश्वराला नारळ फोडून आलो तुमच्या पोरीच्या नावानं. तलावाला एक चकरही मारली. अर्ध्यात बसलो.